पोर समजूतदार आहे हो!



तुमच्या घरात एखादे हुशार पोर असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. नसेल, तर शेजारी असेलच. प्रत्येक गावात असे एक तरी पोर असते. गुरुजी त्याचे नाव चारचौघांत घेतात, झेंडावंदनाला सरपंच त्याला वही-पेन देतात, आणि बाकीच्या पोरांच्या आया त्याच्या नावाने आपापल्या पोरांना धपाटे घालतात. आमच्या गावात ते पोर माझ्या घरात होते. माझी थोरली मुलगी.

मी मुरबाड तालुक्यातला शेतकरी. पावसाळ्यात भात, तो निघाला की विहिरीच्या पाण्यावर एकरभर भेंडी. स्वतः नववीपर्यंत शिकलो आणि नांगर धरला. मुलगी चौथीला शिष्यवृत्तीत आली तेव्हा मला वाटले, आपले राहिलेले ही पुरे करील. आठवीला तिला कल्याणला माझ्या बहिणीकडे ठेवली. बहिणीचे घर दोन खोल्यांचे, तिची स्वतःची दोन पोरे. दर महिन्याला मी पोतेभर तांदूळ पोचता करायचो, म्हणजे आपले ओझे कोणावर नको.

पोर पाचला उठायची. पाणी भरायची, आत्याला चपात्या लाटू लागायची, मग शाळा, मग रात्री अकरापर्यंत पुस्तक. कधी काही मागितले नाही. बहीण म्हणायची, "दादा, पोर फार समजूतदार आहे हो! आमच्या पोरांना हिच्या पायाचं तीर्थ पाजायला हवं." एकदा मी गेलो तर तिच्या चपलेचा पट्टा सेफ्टी पिनेने जोडलेला. विचारले, कधी तुटला? म्हणाली, चार महिने झाले, चालतंय की. घरी येऊन ही गोष्ट मी अर्ध्या गावाला सांगितली. बघा, पोरीला बापाची परिस्थिती कळते! त्या पिनेचा मला अभिमान वाटला होता, वाचकहो. आज ती पीन आठवली की जेवण गोड लागत नाही.

कल्याणला ठेवताना मी तिला आनंदीबाई जोश्यांची गोष्ट सांगितली होती. त्या माहेरच्या कल्याणच्याच. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून, वयाने वीसएक वर्षांनी मोठा, पण बायकोला शिकवायचेच या ध्यासाने पेटलेला. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवसांत गेले, आणि आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचे मनावर घेतले. १८८३ साली ही पोर नवऱ्याला मागे ठेवून बोटीने अमेरिकेला गेली आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टरची पदवी घेतली. मी मुलीला म्हणायचो, "दीडशे वर्षांमागं कल्याणच्या पोरीला हे जमलं, मग तुला का नाही?" मला गोष्ट एवढीच ठाऊक होती, आणि एवढीच मी तिला दर दोन महिन्यांनी ऐकवीत असे.

ती दहावीला होती तेव्हाची गोष्ट. ५ जानेवारी २०१६, मंगळवार. मी भेंडी घेऊन पहाटे कल्याणच्या बाजारात गेलो होतो. दुपारी बघतो तो जिकडेतिकडे एकच विषय. चहाच्या टपरीवर, रिक्षाच्या रांगेत, एस.टी. स्टँडवर. कल्याणच्या एका शाळकरी मुलाने एका डावात हजार धावा काढल्या होत्या! प्रणव धनावडे हे नाव तुम्हांला आठवत असेल. वय पंधरा, वडील रिक्षा चालवणारे. वायलेनगरच्या मैदानावर शाळा-शाळांच्या सामन्यात त्याने नाबाद १००९ धावा केल्या, त्यांत १२९ चौकार आणि ५९ षटकार. आधीचा विक्रम इंग्लंडच्या कॉलिन्स नावाच्या शाळकरी पोराचा होता, नाबाद ६२८, तोही १८९९ सालचा. इतक्या वर्षांत कोणाला जमले नाही ते रिक्षावाल्याच्या पोराने दोन दिवसांत केले. रिक्षावाले तर असे छाती काढून बोलत होते की जणू प्रत्येकाच्या पोराने पाचपाचशे काढल्या आहेत.

मी तसाच बहिणीकडे गेलो. मुलगी पुस्तकात डोके घालून बसली होती. म्हटले, "बघ, याला म्हणतात मन लावणं! रिक्षावाल्याचा पोरगा. काय कमी होतं त्याच्याकडे आणि काय जास्त आहे तुझ्याकडे?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाना, समोरच्या शाळेची पोरं अगदीच लहान होती म्हणे. एकतीस धावांत सगळी बाद झाली. ती दोन दिवस नुसती चेंडूमागं पळत होती."

मी म्हटले, "त्यांचं तू कशाला बघतेस? तू हजार करणाऱ्याकडं बघ."

ती पळणाऱ्या पोरांकडे का बघत होती, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते. नाही कळले.

जूनमध्ये निकाल लागला. ९४ टक्के. मी नाक्यावर तिचा फोटो लावून मोठा फ्लेक्स उभा केला. खाली लिहिले, 'भावी डॉक्टर'. तिला विचारले नव्हते. तिच्या आईने एवढेच म्हटले, "आधी पोरीला विचारा तरी." मी म्हटले, "तिला काय कळतं?" गंमत बघा, एरवी गावभर मीच सांगत होतो की पोरीला सगळे कळते!

मग डोंबिवलीच्या एका क्लासची फी भरायची होती. मेडिकलला जायचे तर क्लास हवा, असे सगळे म्हणत होते. घरात दुधाची एकच म्हैस. ती ४५ हजारांना विकली. म्हैस विकल्याचे दुःख मला नव्हते, असे नाही. धाकटा तेव्हा सात वर्षांचा. दुधाचा पेला रिकामा दिसला की तो रडायचा. पण खरे सांगायचे तर त्या म्हशीचा मी दावणीला होती तेव्हा जेवढा उपयोग केला नाही, तेवढा विकल्यावर केला. आठवड्यातून दोनदा मुलीला फोन करायचो. "जेवलीस का?" हा पहिला प्रश्न, त्याचे उत्तर मी ऐकतही नसे. दुसरा प्रश्न, "टेस्टमध्ये किती पडले?" आणि शेवटी ठरलेले, "बाई गं, म्हैस विकली आहे, ध्यानात ठेव."

ती मार्क सांगायची. ऐंशी, पंच्याऐंशी, एकदा एक्क्याण्णव. मी खूश.

२०१७ च्या पावसाळ्यात, आवणी उरकल्यावर, मी क्लासचा पुढचा हप्ता भरायला डोंबिवलीला गेलो. खिडकीतल्या बाईने वही उलटली आणि म्हणाली, "ही मुलगी तीन आठवडे झाले आलेली नाही." मार्कांचा कागद दाखवला. त्यात ऐंशी कुठेच नव्हते. एक्केचाळीस, अडतीस, शेवटच्या दोन टेस्टना गैरहजर. हप्त्याची तारीख चुकली की यांचा फोन येतो, पोर तीन आठवडे आली नाही तर एक फोन नाही. पण त्यांना काय बोलायचे? मीही तीन आठवड्यांत सहा फोन केले होते आणि मला तरी काय कळले होते?

डोंबिवली स्टेशनवर उभा राहिलो तेव्हा पाय लटपटत होते. समोरून गाड्या धडाधड जात होत्या. मनात काय काय येऊन गेले ते लिहीत नाही. बाप असाल तर न लिहिता कळेल.

कल्याणला बहिणीच्या घरी आलो. मुलगी नव्हती. बहीण म्हणाली, क्लासला गेलीय. तिचा धाकटा मुलगा दाराआड उभा होता. त्याला बाजूला घेतले. आधी बोलेना, मग हळूच म्हणाला, "मामा, ताई वाचनालयात असते."

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, म्हणजे आनंदीबाईंच्या जन्माच्या आदल्या वर्षीचे. इतकी वर्षे मी कल्याणला भेंडी विकली, पण तिथली पायरी चढलो नव्हतो. चिखलाच्या चपला बाहेर काढल्या आणि आत डोकावलो. पोर कोपऱ्यात बसली होती. समोर पुस्तक. मला बघून ती दचकली नाही. नुसती उभी राहिली, पुस्तक जागेवर ठेवले, पिशवी घेतली आणि माझ्यामागून बाहेर आली. कधीतरी हे होणार हे तिला माहीत असावे.

काळ्या तलावाच्या काठावर बसलो. पाऊस थांबला होता. रागवायचे नाही असे मी रस्ताभर ठरवत आलो होतो, आणि तोंडातून पहिले वाक्य निघाले ते हे : "म्हैस विकली गं तुझ्यासाठी."

"माहीत आहे नाना," ती म्हणाली. "पंचेचाळीस हजारांना."

पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तिनेच सुरुवात केली. अकरावीच्या दिवाळीपासूनच तिला फिजिक्समधले काही कळेनासे झाले होते. वर्गात शंभरावर पोरे, विचारायची लाज. रात्री झोप लागेना. पुस्तक उघडले की अक्षरांऐवजी नाक्यावरचा फ्लेक्स दिसे. पहिल्यांदा खोटे मार्क सांगितले तेव्हा वाटले, पुढच्या टेस्टला खरे करून दाखवू. मग ते खोटे वाढत गेले. शेवटी क्लासला जायचे पाय उचलेनात. घरी बसता येईना. म्हणून वाचनालय.

"मग आत्याला का नाही सांगितलंस? आईला?"

"सगळे म्हणतात ना, पोर समजूतदार आहे. समजूतदार पोरीनं असं कसं सांगायचं?"

मी काय बोलणार! मग ती म्हणाली, "नाना, तुम्ही मला आनंदीबाईंचं अर्धंच सांगितलंत. मी सगळं वाचलं."

आणि वाचकहो, त्या तलावाकाठी माझ्या सतरा वर्षांच्या पोरीने मला उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. गोपाळराव बायकोला शिकवायचे ते नुसते प्रेमाने नव्हे. मारायचेही. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेली म्हणून मारल्याचे लोक सांगतात. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांना एक पत्र लिहिले, त्यात हे सगळे आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तके फेकणे आणि सोडून जाईन म्हणून धमकावणे, चौदाव्या वर्षी आणखी वेगळ्या शिक्षा. तुमचे वागणे चांगले की वाईट, हे ठरवणे अवघड आहे, असे त्या लिहितात. जे साधायचे होते त्याकडे पाहिले तर बरोबर, पण लहान पोराच्या मनावर काय होते ते पाहिले तर चूक. त्या त्या वयाच्या शरीराला आणि मनाला ते सोसणारे नव्हते. आणि त्या वेळी गप्प राहण्यावाचून बायकोच्या हाती दुसरे काही नव्हते, असेही त्यांनी नवऱ्याला स्वच्छ कळवले.

"एवढं बोलायला तिला अमेरिकेला जावं लागलं, नाना," पोर म्हणाली.

मी म्हटले, "मी तुला कधी हात लावला का गं?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हैस विकली."

त्या दिवशी मी काहीच ठरवले नाही. तिला आत्याकडे सोडून शेवटच्या एस.टी.ने घरी आलो. खिडकीतून दोन्ही बाजूंना नवी लावणी दिसत होती, आणि माझ्या डोक्यात आपला राब घोळत होता. तुम्ही भात लावणारे असाल तर तुम्हांला ठाऊक आहे. राबात युरिया जरा जास्त पडला की रोपे कशी हिरवीगार, हातभर उंच दिसतात. बांधावरून जाणारा थांबून बघतो, म्हणतो, काय तुमचं रोप! पण तीच रोपे लावणीनंतर माना टाकतात, आणि शेजाऱ्याचे ठेंगणे, पिवळट रोप फुटवा धरते. मला हे वीस वर्षे कळत होते. भाताचे कळत होते. दुसऱ्या घरी राहून, न मागता, न रडता, पिनेच्या चपलेने चालणारी पोर म्हणजे मनाने मोठी झालेली पोर, असे मी समजून चाललो. ती मोठी झाली नव्हती. ती आमच्या कर्जाचा, आत्याच्या दोन खोल्यांचा, म्हशीचा हिशेब डोक्यात ठेवून गप्प बसायला शिकली होती. बोलणारे, हट्ट करणारे, "मला नाही जमत" म्हणून पाय आपटणारे पोर आपल्याला कच्चे वाटते. खरे म्हणजे त्या वयाला तेच शोभते.

आता कोणी म्हणेल, मग पोरांना रेटूच नये का? तसेही मला म्हणवत नाही. गोपाळरावांनी रेटले नसते तर आनंदीबाईंचे नाव आज कोणाला माहीत असते? माझ्या मुलीच्या बरोबरीच्या गावातल्या पोरी अठरा झाल्या की बोहल्यावर चढल्या. मी तिला कल्याणला पाठवले याची मला लाज नाही. आनंदीबाईंनी स्वतःच नवऱ्याला दोन्ही बाजू मांडून दाखवल्या, त्यात आपण कोण निकाल देणारे! फक्त एक लक्षात ठेवावे. परत आल्यावर कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती. ते काम करायला त्या उरल्या नाहीत. क्षयाने पोखरल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, तेव्हा बावीस वर्षेही पुरी नव्हती. ही अर्धी गोष्टही मी पोरीला कधी सांगितली नव्हती.

त्याच साली, २०१७ मध्ये, आणखी एक बातमी कानावर आली, आणि तिने मला जास्त हलवले. तो हजार धावांवाला प्रणव. त्या डावानंतर त्याला सचिन तेंडुलकरने सही केलेली बॅट भेट दिली होती, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली होती. पण हजार धावा काढणाऱ्याने पुढच्या खेपेला वीस काढून कसे चालेल? जिथे जाईल तिथे लोक हजाराच्याच मापाने मोजणार. त्याच्या धावा आटल्या. तेव्हा त्याच्या वडिलांनी असोसिएशनला कळवले की मुलाचा खेळ सध्या त्या लायकीचा होत नाही, तेव्हा ही शिष्यवृत्ती थांबवावी.

मी ती बातमी कोणाकडून तरी ऐकली आणि पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. महिना दहा हजार! रिक्षा चालवणाऱ्या माणसाच्या घरात ती रक्कम काय असते हे मला सांगायला नको. त्यांच्या मनात काय होते ते त्यांचे त्यांना ठाऊक. मी आपला माझ्या परीने अर्थ लावला. हा माणूस त्या पैशाचा आकडा पोराला आठवड्यातून दोनदा ऐकवू शकला असता. मी ऐकवला असता. त्याने तो पैसाच पोराच्या डोक्यावरून खाली उतरवून ठेवला. सगळे चांगले चालले असताना पोराला डोक्यावर घेऊन नाचणे कोणालाही येते, मीही फ्लेक्स लावलाच होता. पोराचे उतरते दिवस आहेत हे चारचौघांत कबूल करायला बापाला फार मोठे मन लागते. जाता जाता सांगतो, त्या इंग्रज कॉलिन्सचेही पुढे क्रिकेटमध्ये मोठे नाव झाले नाही. तो सैन्यात गेला आणि १९१४ च्या लढाईत पडला. मैदानातला त्याचा आकडा मात्र शंभरावर वर्षे उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नाक्यावर गेलो. फ्लेक्स वर्षभराच्या उन्हापावसाने फाटला होता, पोरीचा अर्धा चेहरा लोंबत होता. काढून आणला आणि गवताच्या गंजीवर घातला. मग तिला फोन केला. बापाला क्षमा मागता येत नाही, निदान मला तरी आली नाही. म्हटले, "क्लास बंद केलास तरी चालेल. म्हशीचं मनातनं काढून टाक. ती म्हातारीच झाली होती." पलीकडे पोर हसली की रडली, फोनवर कळले नाही. "म्हातारी कुठं नाना, दुसऱ्या वेताची होती," एवढे मात्र म्हणाली.

नंतर सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर तुम्हांला बरे वाटेल, पण तसे नाही. बारावीला बेताचे मार्क पडले. मेडिकल नाहीच. कल्याणलाच बी.एस्सी. केले. आता एका रक्तलघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करते, पगार बरा आहे. गावात अजून एखादा मुद्दाम विचारतो, "काय, डॉक्टर झाली का पोर?" माझ्या काळजात अजून बारीकशी कळ येते. गेली नाही ती. पण पोर आता भांडते. घरी आली की आईशी भांडते, मला तोंडावर सांगते, "नाना, हे तुमचं चुकलं." मागच्या दिवाळीला तर लग्नाच्या विषयावरून दोन दिवस बोलली नाही. तिची आई म्हणते, पोर शहरात राहून बिघडली. मी काही म्हणत नाही.

धाकटा यंदा दहावीला आहे. हा काही ताईसारखा नाही, मध्यम आहे. आणि झोपाळू. परवा रात्री बाराला लाईट यायची होती, भेंडीला पाणी सोडायचे होते. मी त्याला हलवले, "चल रे, बॅटरी धर." डोक्यावरून गोधडी ओढत म्हणाला, "नाना, उद्या पेपर आहे, मी नाही येणार."

ओठांवर आले होते, तुझ्या वयाचा असताना मी... तेवढ्यात आतल्या खोलीतून थोरलीचा आवाज आला, सुटीला आली होती. "नाना!"

बॅटरी घेतली आणि एकटाच पंपाकडे गेलो.